अंगण झाडणाऱ्या अनुताई

दिवाळीत मान अंगणाचा. सडा, रांगोळी, पहिली पणती, सगळं तिथेच. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना अनुताई वाघांची आठवण होते, कारण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची अंगणं झाडली.

तेराव्या वर्षी लग्न आणि वर्ष सरण्याआधीच वैधव्य. त्या काळात अशा मुलीला माजघराचा कोपरा ठरलेला असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत रुळल्या. आणि १९४५ साली ते सगळं मागे ठेवून बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांच्या सोबतीला ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला गेल्या.

तिथे बालवाडी उघडली, पण वस्तीतली पोरं फिरकेनात. येणार तरी कशी? आईबाप मजुरीला आणि सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड. मग या बायकाच वस्तीत गेल्या. आधी अंगण झाडायचं. मग पोरांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केसांतला गुंता सोडवायचा आणि तिथेच गाणं सुरू करायचं. आज गावोगावी तोंडी असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या खटाटोपातून आला.

मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणार कुठून? मोजायला चिंचोके आले, आकार ओळखायला पानं आणि शिंपले. ही काटकसर होती खरी, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वस्तू मुलांच्या ओळखीच्या होत्या.

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथली मोठी मुलं दिवसभर गुरांमागे. तर शाळा कुरणात नेली! तीच कुरणशाळा: गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली अक्षरं गिरवताहेत, एक डोळा पाटीवर आणि एक गाईवर.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई टेकडीवरच राहिल्या. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हयातीतच, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोचली. शब्द पोचला. पण ती चालवणारी बाई सरकारदरबारी अजूनही मानसेवी, तिला पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. अनुताईंनी सेवा स्वतःहून पत्करली होती. आजच्या सेविकेपुढे सेवेचं नाव काढून मानधनाचा विषय टाळणं हा अनुताईंच्या नावाचा गैरवापर आहे, असं या अंकाला ठामपणे वाटतं.

हे संपादकीय छापायला जाईल तेव्हाही कुठल्या तरी पाड्यावर एखादी सेविका खिचडी शिजायला ठेवून, वजनकाट्यावर रडणाऱ्या पोराला चुचकारत, वहीत आकडा लिहीत असेल.