परतीच्या वाटेची तजवीज

आय.बी.एम. कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मेनफ्रेम संगणकांसाठी 'झेड/ओएस ३.२' ही नवी संचालन-प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, उपलब्ध करून दिली. सर्वसामान्य वाचकाचे लक्ष वेधून घेईल अशी ही वार्ता नव्हे. तथापि जगातील अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांचे हिशेब आजही मेनफ्रेमवरच रात्रंदिवस चालतात आणि त्या यंत्रांच्या कारभाराची सूत्रे या प्रणालीच्या हाती असतात. कोणत्या कामाला यंत्राचा किती वेळ द्यावयाचा, कोणाला स्मृतीत जागा द्यावयाची, कोणाला थांबवून ठेवावयाचे, हे तीच ठरवते. चालत्या कारभारात ती बदलणे म्हणजे नांदत्या घराचा पाया उकरून पुन्हा भरण्यासारखे आहे.

हा बदल टाळता येणार नाही काय, असा प्रश्न खर्चाची चिंता वाहणारे व्यवस्थापक नेहमी विचारतात. तो फार काळ टाळता येत नाही, हेच त्याचे उत्तर. २०१३ पासून या प्रणालीची नवी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघत आली असून प्रत्येक आवृत्तीला नियमित दुरुस्ती-सेवा साधारणतः पाच वर्षे मिळते. सप्टेंबर २०२१ मध्ये निघालेल्या २.५ या आवृत्तीची मुदत सप्टेंबर २०२६ ची. मुदत संपलेल्या प्रणालीत सुरक्षिततेचा दोष आढळला, तर त्यावरचा इलाज नेहमीच्या मार्गाने मिळत नाही. शिवाय यंत्रांच्या एकाच समूहात ३.२ च्या जोडीला ३.१ व २.५ या दोनच मागील आवृत्त्या चालवता येतात. याचा अर्थ असा की, जी संस्था वर्षानुवर्षे चालढकल करते, तिला टप्प्याटप्प्याने पुढे जाण्याची सोयच उरत नाही. मोठी उडी घेणे तिच्या नशिबी येते.

परंतु बदल अटळ आहे म्हणून तो बिनधोक ठरत नाही. ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाला याचा कटू अनुभव जून २०१२ मध्ये आला. त्या वेळी बदलण्यात आली ती संचालन-प्रणाली नव्हती. रात्रीच्या वेळी खातेनोंदींची कामे क्रमाने चालवणारे एक सॉफ्टवेअर होते. १७ जून रोजी त्याची नवी आवृत्ती बसवण्यात आली. दुसऱ्या दिवशी अडचणी दिसू लागताच ती काढून टाकण्याचे ठरले. मात्र काढल्यावर काय होईल, याची चाचणी आधी घेतली गेली नाही. नव्या व जुन्या आवृत्तीचे परस्परांशी जुळेना आणि कामांची सारी साखळी विस्कटली. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. कोणाला आपल्या खात्यातील शिल्लक कळेना, कोणाचे घरकर्जाचे हप्ते वेळेवर जाईनात, परदेशी गेलेले काही जण पैशावाचून अडकले, काही संस्थांना कर्मचाऱ्यांचे पगार करता येईनात. समूहातील अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल तर अनेक आठवडे चालले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या दोन नियामक संस्थांनी या बँकांना एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला. ग्राहकांना द्यावी लागलेली सुमारे ७ कोटी पौंडांची भरपाई वेगळीच.

येथे मोठा अनर्थ ओढवला तो मागे फिरताना, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अभिमन्यूपाशी होती. बाहेर पडण्याची नव्हती. संगणक-कारभारातील कित्येक योजना नेमक्या याच दोषाने ग्रस्त असतात. नवे काय बसवावयाचे याची यादी तपशीलवार असते, पण न बसल्यास परत कसे यावयाचे, हे एका ओळीत उरकलेले असते. वस्तुतः यासाठीची शिस्त मेनफ्रेमच्या जगात पूर्वीपासून घालून दिलेली आहे. नवी झेड/ओएस आवृत्ती आणण्याआधी जुन्या आवृत्तीवर काही ठरावीक दुरुस्त्या चढवाव्या लागतात. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदाव्यात आणि वेळ पडल्यास जुनीकडे परतता यावे, हा त्यांचा हेतू. म्हणजे पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी मागची वाट बांधावयाची! ती वाट चाचणी-यंत्रावर प्रत्यक्ष चालून पाहणे मात्र संस्थेच्याच हाती असते.

जी गोष्ट परतीच्या वाटेची, तीच कार्यक्षमतेची. नवी प्रणाली आल्यावर 'यंत्र मंदावले' अशी तक्रार हमखास येते. पूर्वीची गती मोजून ठेवलेली नसेल, तर ती खरी की भास, हे सांगणार कोण? मेनफ्रेम आपल्या कामाची बारीकसारीक नोंद ठेवू शकते. महिनाअखेर व वर्षअखेर यांसारख्या कसोटीच्या दिवसांच्या नोंदी जपून ठेवून त्यांच्याशी नव्या नोंदी ताडून पाहणे एवढेच काम उरते. तेही टाळले की मोठे यंत्र विकत घेण्याचा सोपा उपाय सुचतो. पण काम डिस्कवरील माहितीची वाट पाहत खोळंबले असेल, तर अधिक वेगवान प्रोसेसर घेऊन काय साधणार? उलट एका प्रचलित पद्धतीत सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क यंत्राच्या वापराच्या चार तासांच्या सरासरीवरून, त्या महिन्यातील सर्वोच्च आकडा धरून आकारले जाते. साहजिकच गर्दीच्या वेळेतील एखादे बिननिकडीचे काम पहाटेकडे सरकवल्याने खरी बचत होऊ शकते. यंत्रात १९९४ पासून कामांचा अग्रक्रम सांभाळणारी व्यवस्था आहे. तथापि खिडकीशी उभ्या असलेल्या ग्राहकाचे काम आधी की वरिष्ठांना हवा असलेला अहवाल आधी, हे तिला माणसानेच सांगावे लागते. तो निर्णय तंत्राचा नसून धोरणाचा आहे.

चाचणीसाठी वेगळे यंत्र, अनुभवी माणसे आणि पुरेसा अवधी या गोष्टी खर्चाच्या आहेत, हे खरे. काम सुरळीत पार पडले की काहीच घडलेले दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रकात कात्री प्रथम याच रकमेला लागते. परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची देखभाल मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून अनेक मराठी तरुण करतात. बदलाची तारीख बहुधा दुसऱ्याच कोणी ठरवलेली असते आणि ती पाळण्याचा भार या तरुणांवर पडतो. 'परतीची वाट अद्याप तपासलेली नाही, तारीख पुढे ढकला' असे म्हणण्याचा अधिकार त्यांना असला पाहिजे आणि तसे म्हणणाऱ्याला कामचुकार समजले जाता कामा नये. शिक्षकाचे वेतन, कारकुनाचा हप्ता, निवृत्ताचे पेन्शन ठरल्या दिवशी खात्यात पडते, त्यामागे अशा कोणाचे तरी वेळीच उच्चारलेले 'थांबा' असू शकते. ते ऐकून घेणारा वरिष्ठ नेमणे, ही संचालक मंडळाची जबाबदारी आहे.