यंत्राला दिसते, कळते का?

हातात धरता येईल एवढे एक्स-रे यंत्र, त्याला जोडलेला लॅपटॉप आणि त्यात फोटो वाचणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे एआयचे सॉफ्टवेअर. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू केली, तेव्हा असे संच शिबिरांमध्ये वापरले गेले. छातीचा फोटो निघतो आणि थोड्याच वेळात क्षयाची शक्यता किती, ते पडद्यावर उमटते. फोटो वाचू शकणारा रेडिओलॉजिस्ट त्या गावात नसतो, बहुतेकदा तालुक्यातही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी माणसाऐवजी असे सॉफ्टवेअर वापरण्यास मान्यता दिली. या क्षेत्रातली एक आघाडीची कंपनी मुंबईचीच आहे.

मग हे यंत्र बुद्धिमान म्हणायचे का?

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये या प्रश्नाला बगल दिली होती. समोरचे उत्तर यंत्राचे की माणसाचे हे ओळखता येत नसेल, तर ते यंत्र विचार करते की नाही यावर वाद कशाला, असा त्यांचा रोख होता. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये त्यावर हरकत घेतली. चिनी भाषेचे अक्षरही न कळणारा माणूस खोलीत बसला आहे. हाताशी नियमांचे जाडजूड पुस्तक आहे. दाराखालून आलेल्या चिनी चिठ्ठीतील चिन्हे पुस्तकात शोधून तो बिनचूक उत्तर बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटते, आत चिनी पंडित बसला आहे. त्या माणसाला मात्र आपण काय लिहिले हे शेवटपर्यंत कळत नाही.

वैद्यकाने या वादाला एक अस्सल उदाहरण पुरवले आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली गेली. तिला शिकवण्यासाठी वेगवेगळ्या रुग्णालयांतील फोटो एकत्र केले होते. त्यांपैकी एका रुग्णालयाच्या फोटोंत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर इतरांत जेमतेम एक टक्का होते. फोटो कोणत्या रुग्णालयातला हे यंत्राला जवळजवळ अचूक ओळखता येत होते. डावी-उजवी बाजू दाखवण्यासाठी तंत्रज्ञ जी धातूची खूण ठेवतो, तीही त्याने हेरली होती. म्हणजे फुप्फुसाकडे न बघतासुद्धा बऱ्यापैकी गुण मिळवण्याची सोय झाली. नव्या रुग्णालयातले फोटो समोर आल्यावर अचूकता घसरली, यात नवल नव्हते.

माणसेही असे करतात. प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्ण कोणत्या वॉर्डातून आणला आहे यावरून निदान ताडणारे विद्यार्थी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात सापडतील. पण परीक्षकाने ‘कशावरून?’ असे विचारले की त्यांची भंबेरी उडते आणि चोरी पकडली जाते. यंत्राला हा प्रश्न विचारला तर फोटोवर रंगीत ठिपके उमटतात. ते स्पष्टीकरण असते की सजावट, हे ठरवायला पुन्हा माणूसच लागतो.

तरीही ‘कळत नाही’ म्हणून यंत्राला नाक मुरडणे शहाणपणाचे नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक महिलांच्या मॅमोग्राफीवर झालेल्या चाचणीत एआयच्या मदतीने रेडिओलॉजिस्टचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही, उलट थोडे वाढले. जिथे डॉक्टरच नाही, तिथे न थकणारे यंत्र हे वरदानच आहे.

भाकिते मात्र सबुरीने घ्यावीत. या तंत्राचे एक जनक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितले होते की, पाच, फार तर दहा वर्षांत यंत्रे रेडिओलॉजिस्टना मागे टाकतील, तेव्हा नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आताच थांबवावे. त्यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेत मात्र आजही रेडिओलॉजिस्ट कमी पडतात. हेच हिंटन आता यंत्रे माणसावर कुरघोडी करतील असा इशारा देत आहेत. तो खोटा ठरेलच असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्याची वाट बघत बसण्याआधी जवळची एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे यंत्राशेजारी काम करणाऱ्या माणसाचे काय होते.

पोलंडमधील चार केंद्रांवर मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआय आले. पडद्यावर संशयास्पद गाठीभोवती चौकट दिसू लागली. त्यानंतर याच केंद्रांत जेव्हा एआयशिवाय तपासणी झाली, तेव्हा कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेले दिसले. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या पचनसंस्थेविषयीच्या नियतकालिकात हा अभ्यास आला. हे डॉक्टर नवशिके नव्हते. प्रत्येकाने दोन हजारांवर तपासण्या केलेल्या होत्या. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे घसरणीला इतरही कारणे असू शकतात. पण चौकटीची वाट बघायला शिकलेली नजर स्वतः शोधणे सोडते, ही शंका रास्त आहे. अनुभवी डॉक्टरांचे असे होत असेल, तर पहिल्या दिवसापासून चौकटीसह शिकणाऱ्या निवासी डॉक्टरची नजर तयार कधी होणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआयवर माणसाची देखरेख हवी. देखरेख करणाऱ्यालाच यंत्राची चूक ओळखता आली नाही, तर ती कागदावरच राहील.

क्षयरोगाच्या शिबिरात याचा अर्थ फार साधा असतो. यंत्राने ‘संशयित’ म्हटले की थुंकीची रेण्वीय तपासणी होते. तिथे चूक दुरुस्त होऊ शकते. अडचण ‘फोटो स्वच्छ’ या उत्तराची आहे. प्रगत एचआयव्ही असलेल्या रुग्णाचा फोटो क्षय असूनही स्वच्छ दिसू शकतो. मणक्याचा किंवा लसिकाग्रंथींचा क्षय असेल तर छातीच्या फोटोत काहीच नसण्याची शक्यता असते. मानेला गाठ आणि दोन महिन्यांपासून संध्याकाळचा ताप असलेली बाई रांगेतून पुढे सरकते, फोटो निघतो, पडद्यावर हिरवा शेरा येतो. यंत्र चुकलेले नसते. त्याला मानेविषयी कोणी विचारलेलेच नसते. पदर बाजूला करायला सांगून ती गाठ चाचपायला दोन मिनिटे लागतात, आणि मागे रांगेत अजून शंभर जण उभे असतात.