रस्ताही सार्वजनिकच आहे

दरवर्षी मार्च महिन्यात आम्ही नववीच्या वर्गात महाडच्या सत्याग्रहावर एक तास राखून ठेवतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अनुयायी चवदार तळ्यापर्यंत चालत गेले, हे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. त्यामागचा एक तपशील मात्र आवर्जून सांगावा लागतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. तरीही पुढील तीन वर्षे तळे बंदच राहिले. ठराव कागदावर होता. तो खरा करण्यासाठी माणसांना चालत जावे लागले.

गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तळे आपले झाले, मग बसथांब्यावर जायला आपल्याला भर रस्त्यातून का चालावे लागते?" वर्गात हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आले नाही.

आमचे शहर पुणे. याच पुण्यात पेशवाईच्या काळी अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून रस्त्यावर यावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केली आहे. त्रावणकोरातील वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून १९२४ मध्ये सत्याग्रह करावा लागला. हा इतिहास ध्यानी घेतला की राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या जोडीने 'रस्ते' हा शब्द का आला, हे उमजते. जातीची बंदी आणि पदपथाचा अभाव या गोष्टी एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे आपल्या पूर्वजांच्या यातनांचा अवमान ठरेल. परंतु जो रस्ता सर्वांच्या पैशातून बांधला जातो, तो केवळ वाहनधारकांच्याच सोयीने आखला जात असेल, तर 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

त्या प्रश्नानंतर आम्ही वर्ग रस्त्यावर नेला. मुलांच्या हाती मोजपट्टी दिली. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. मुलांनी मोजले. कोठे विजेची पेटी आडवी आली, कोठे दुचाक्यांची रांग, कोठे राडारोड्याचा ढीग. काठीच्या आधाराने चालणाऱ्या आजीला चढता येणार नाही, इतकी उंची कित्येक ठिकाणी भरली. बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर सलग, निकषात बसणारा पदपथ मुलांना सापडला नाही.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील सुरक्षारक्षक होते. रात्रपाळी संपवून सायकलने घरी परतताना त्यांना एका मोटारीने उडविले. जीव वाचला, पाय गेला आणि पाठोपाठ नोकरीही गेली. मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडले. त्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळी मार्गिका असती, तर तो मुलगा आज पदवीधर असता, असे आम्हाला राहून राहून वाटते.

पुण्यात नियमांची वाण नाही. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ पाहिला की हे काम करता येते, याची खात्री पटते. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवला जातो, तेही स्तुत्यच. परंतु धुणीभांडी करण्यासाठी पहाटे वस्तीतून निघणाऱ्या भगिनींना वर्षाचे सर्व दिवस चालावे लागते. आराखडा वस्तीच्या तोंडापर्यंत कधी पोहोचणार, हा आमचा प्रश्न आहे.

शहरात 'परिसर'सारख्या संस्था या विषयावर वर्षानुवर्षे काम करीत आल्या आहेत. आपला समाज मात्र अशा चळवळींकडे हौशी मंडळींचा छंद म्हणून पाहतो. ही आपली चूक आहे. सायकल ज्यांच्या पोटाशी बांधलेली आहे, ते या चर्चेत नसतील, तर निर्णय त्यांच्यावाचूनच होतील. आपण नसल्याचा परिणाम आताही दिसतो: पदपथ मोकळे करा म्हटले की पहिला घाव भाजीवाल्या मावशीच्या टोपलीवर पडतो आणि पदपथावर चढविलेली मोटार तशीच उभी राहते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना जागा नेमून देण्याची तरतूद आहे. पादचारी आणि पथविक्रेता यांना परस्परांचे शत्रू ठरविणारी सुधारणा आम्हाला मान्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, पदपथ वापरण्याचा हक्क हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे ठराव आहे, धोरण आहे, न्यायालयाचा आदेशही आहे. १९२४ च्या महाडमध्येही ठराव होताच.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी अभियंता आहे, कोणी वकील, कोणी पालिकेच्या सेवेत. आपापल्या वस्तीपासून शाळेपर्यंतची आणि बसथांब्यापर्यंतची वाट मोजा. नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात क्षेत्रीय कार्यालयाकडे पदपथाची, सुरक्षित ओलांडणीची लेखी मागणी नोंदवा. उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. पालकांनीही सही करताना संकोच करू नये. आमच्या मुलांनी केलेल्या मोजमापाचा तक्ता आम्ही अर्जासोबत क्षेत्रीय कार्यालयात दिला आहे. त्याची पोच शाळेच्या फलकावर लावलेली आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर अजून यायचे आहे. ती यंदा दहावीत आहे. ती शाळा सोडून जाण्यापूर्वी ते यावे, यासाठी तुमची साथ हवी.