गाडी डावीकडेच का जाते?
स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे सरकते, आणि लोक ती तडक अलाइनमेंटला नेतात. आधी रस्ता बघा! पाणी निचरावं म्हणून बरेच रस्ते मधे उंच, कडेला उतरते असतात. डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. सपाट जागीही ओढत असेल तर टायर गार असताना हवा तपासा, तीही दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे, पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजाने नव्हे. कमी हवेचं चाक गाडी स्वतःच्या बाजूला खेचतं. हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा (फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले नकोत). ओढीची बाजू पालटली तर दोषी टायर, अलाइनमेंटवाल्याचे पैसे वाचले. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर मात्र टाळाटाळ नको: एका बाजूचा ब्रेक नीट लागत नाही आणि गाडी धड ब्रेकच्या बाजूला वळते. उलट, एका चाकाचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकून बसला असेल तर ब्रेक न दाबताही गाडी त्याच चाकाकडे ओढते. थोडं फिरून आल्यावर त्या चाकाची रिम दुसऱ्या बाजूच्या रिमपेक्षा सणसणीत तापलेली असते, कधी जळका वासही येतो. हात नुसता जवळ न्या, लावू नका. एवढं झाल्यावर अलाइनमेंट, आणि तिथे आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या.