नॉब फिरतो, वारा वळत नाही

आमच्या काकांची पिकअप जुनी आहे, हे नातेवाईकांना सांगायला नको. तुमच्यापैकी निम्म्यांचं सामान तिनेच वाहिलंय! गेल्या जुलैत कोल्हापूरहून पेंडीची पोती घेऊन येताना आंबा घाटात पुढची काच आतून पांढरी झाली. बाहेर धुकं, आत आम्ही तिघे ओल्या कपड्यांत. वाऱ्याचा नॉब काचेच्या खुणेवर नेला, पण वारा आपला पायावरच. काका एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने फडकं चालवत होते. शेवटी जरा रुंद जागा बघून गाडी थांबवली.

रत्नागिरीत एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला. "डॅशबोर्ड उतरवावा लागेल. आतला अख्खा डबा बदलून टाकू." काका "हो" म्हणणारच होते. मी म्हटलं, काका, रविवारपर्यंत थांबा.

रविवारी आधी नुसता पंखा लावला. सगळ्या वेगांवर नीट चालला. (फक्त फुल स्पीडलाच चालला असता, तर वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरवर संशय घ्यायचा.) म्हणजे वारा आहे, वळत नाही. मग नॉब फिरवला, तर अगदी पोकळ लागला. नॉब जड लागला तर केबल गंजलेली किंवा झडप अडकलेली असते. खाऱ्या हवेत गंजायला वेळ लागत नाही. हलका लागला तर केबल सुटलेली किंवा तुटलेली.

मग बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि काकांना नॉब फिरवायला सांगितलं. सायकलच्या ब्रेकसारखीच केबल असते ती, बाहेर नळी आणि आत तार. नळी धरून ठेवणारी क्लिप मोडली होती. त्यामुळे तार झडप ओढायच्या ऐवजी नळीच मागेपुढे सरकत होती. झडपेचा दांडा बोटाने ढकलला, वारा लगेच काचेवर! डबा ठणठणीत होता. नवी क्लिप बसवली, काम संपलं.

यात गॅरेजवाल्याला नावं ठेवायची नाहीत मला. आपण त्याला काय सांगतो? "वारा येत नाही, काय ते करून टाका." पंखा चालतो का, नॉब कसा लागतो, वारा कुठून येतो, हे सांगितलं तर त्याचंही काम निम्मं होतं. डॉक्टरकडे गेल्यावर आपण "मी बदलून द्या" म्हणतो का?

दुसरं म्हणजे, हा वारा आपल्याला चैन वाटते. वायपर बिघडला तर लगेच धावतो, हे मात्र चालतंय तोवर चालवतो. पण पावसाने काच गार पडते आणि आतली दमट हवा तिच्यावर पाणी धरते. बाहेरून वायपर कितीही फिरवा, आतून दिसत नाही ते नाहीच! काचेवर गरम वारा हवा, बाहेरची हवा आत घ्यायला हवी. एसी असेल तर तोही लावावा, तो हवा कोरडी करतो.

अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये या झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालत. त्याची नळी फुटली की वारा आपोआप काचेकडे जाई. बिघडायचंच असेल तर काच दिसेल अशा रीतीने बिघडावं, हा विचार मला फार आवडला. आमच्या केबलला तेवढी अक्कल नाही. म्हणून आता मिरग लागला की काका नॉब काचेवर नेऊन ठेवतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

असो. तुमच्या गाडीचा नॉब कसा लागतो? पावसाआधी एकदा फिरवून बघा.