सौर शहरवाल्यांनी आधी पाण्यातली वीज मोजावी



ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं केंद्र सरकारच्या 'सौर शहर' योजनेत होती. पाच वर्षांत शहराला जेवढी वीज आणि इंधन लागेल, त्यातला निदान १० टक्के भाग बचतीतून आणि सूर्यावर भागवायचा, अशी ती योजना होती. नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचे झाले. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तर उन्हावर थंड हवेचं यंत्र बसवलं. आम्ही याला नावं ठेवत नाही. शहराला वीज कमी लागली तर कुठंतरी कोळशाच्या खाणीत जाणारी आदिवासींची जमीन वाचेल. ते बंब गच्चीवर चढवायला नाक्यावरून आमचीच पोरं जातात. त्यांच्या घरी पाणी अजून चुलीवरच तापतं, ते असो.

पण महापालिकेची स्वतःची वीज जाते कुठे? मोठा भाग रस्त्यावरच्या दिव्यांवर आणि पाणी उचलण्यावर. ठाण्याला भातसाचं पाणी पिशाहून पंपाने येतं, कल्याण-डोंबिवलीचं मोहिलीला उल्हास नदीतून उचलतात. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचं तर पंप कितीही चांगला असो, पाव युनिटाच्या वर वीज खाणारच. हजार लिटर म्हणजे गच्चीवरची एक काळी टाकी. अशा लाखो टाक्यांचं पाणी शहरात रोज लागतं. मग फुटक्या पाइपातून, वाहत्या टाकीतून जे पाणी गटारात जातं, त्याच्याबरोबर वीजही जाते. बंब बसवला की दिसतो, फोटो निघतो. जमिनीखालचा पाइप दुरुस्त केला तर नारळ कोण फोडणार?

आणि पाणी कमी पडलं की बोट आमच्याकडे वळतं. मुरबाड तालुक्यातलं काळू धरण बघा. शहरांच्या पाण्यासाठी, एमएमआरडीएच्या पैशातून. सुमारे १,००० हेक्टर जंगल त्यात जाणार. जंगलाची मंजुरी नसताना काम चालू केलं, म्हणून २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. थांबवलं म्हणजे संपलं असं कोणी समजू नये, फाईल मेलेली नाही. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तिथल्या पाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. बाया डवऱ्यात वाटी घालून हंडा भरतात. त्यांच्या पाण्याला पंप नाही, वीज नाही, डोकं आहे.

आमच्याही पाड्यावर एक सौर दिवा आला होता. दोन पावसाळे चालला, मग बॅटरी गेली. विचारायला गेलो तर हे काम आमचं नाही म्हणाले. आता त्या खांबाला बकरी बांधतात. म्हणून वस्तू बसवली एवढ्याने आम्ही खूश होत नाही. ती चालते का आणि किती वाचवते, हे विचारायला आम्ही त्या खांबापाशी शिकलो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. दोन्ही महापालिकांनी पाणी उचलायला किती वीज लागते आणि उचललेल्यातलं किती पाणी नळापर्यंत पोचतं, याचा हिशेब दरवर्षी मराठीत छापावा. मोठ्या इमारतींना मीटर लावावेत. गळती काढल्याशिवाय नव्या धरणाचं नाव काढू नये. शहरातले चाळकरीसुद्धा यात आपल्या बाजूचे आहेत, त्यांच्या नळालाही धार नसते. त्यांच्याशी बोललं पाहिजे, आपण तिथं कमी पडतो.

जंगलजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर आधी वनहक्काचे दावे पुरे करा आणि ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं पत्रक सांगतं. ते पत्रक वाचूनच ग्रामसभेत बसा. पाणी उचलण्याच्या हिशेबाची मागणी ठरावात लिहून घ्या, आणि ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह तिथल्या तिथे मागा. 'झालं, लिहिलं' असं तोंडी सांगतील, तर उठू नका.