आडनाव काय म्हणालात?



आमच्या गल्लीतली एक मुलगी बारावी पास झाली. तिचे आईवडील गेवराई तालुक्यातल्याच एका खेड्यातून इथे येऊन राहिलेले. दिवाळी झाली की दोघे कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. मुलगी आजीजवळ राहून शिकली. तिला नर्सिंगला जायचे होते. मार्क चांगले होते, अडले ते जातीच्या दाखल्यापाशी.

कागद घेऊन ती वडिलांबरोबर आमच्याकडे आली. आम्ही चष्मा लावून एकेक कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावर आडनाव होते वव्हाळ. वडिलांच्या दाखल्यावर ओव्हाळ. आणि मुलीच्या दाखल्यावर कोणा गुरुजींनी लिहून ठेवले होते आव्हाड! घर एक, रक्त एक आणि आडनावे तीन. ज्या कचेरीत ते आधी जाऊन आले होते, तिथल्या बाबूने कागद परत सरकवले होते. तो म्हणाला, "आव्हाड तर वंजारी असतेत. हे आजोबा तुमचेच कशावरून?"

बाबूचे अगदीच चुकले असेही नाही. आपल्या जिल्ह्यात आव्हाड आडनावाची घरे बहुतेक वंजारी समाजातली आहेत आणि ओव्हाळ बहुतेक बौद्ध. एका अक्षराने मुलगी एका समाजातून दुसऱ्या समाजात गेली होती. त्या दिवसापासून आडनाव या विषयाने आमचा पिच्छा धरला. आपली आडनावे आली कुठून आणि पसरली कशी, हे आज आपण थोडे पाहू.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आडनाव ही फार जुनी वस्तू नाही. आपल्या पणजोबांच्या काळी गावात माणसाची ओळख त्याच्या नावाने, बापाच्या नावाने आणि जातीने होत असे. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला आपण मानवंदना देतो. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईतल्या सैनिकांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. त्यातली आपल्या सैनिकांची नावे 'नाक' या शब्दाने संपतात. पुढे स्वतःचे नाव, मागे बापाचे, दोन्हींना 'नाक' जोडलेले. आजच्यासारखे आडनाव त्यात नाही. या 'नाक'चा अर्थ कोणी नायक असा लावतात, तर कोणी त्याचे नाते नाग लोकांशी जोडतात. अर्थ कोणताही घ्या, शिलेवर नाव कोरले जाण्याइतका पराक्रम आडनावाशिवाय करता आला, हे खरे.

नावाचे मात्र वेगळे होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे तुच्छता दाखवणारे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला तो उगीच नाही. दगडू, धोंडू, कचरू ही नावे आपल्या घराघरांत होती. 'बलुतं' लिहिणारे दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. लेकरू जगावे, त्याला नजर लागू नये म्हणून अशी नावे इतर समाजांतही ठेवत, हे खरे. पण त्यांच्यात अशा नावाच्या शेजारी चांगली नावेही नांदत होती. आपल्यातल्या एखाद्याने लेकराचे नाव थोडे भारदस्त ठेवले, तर गाव ते मोडून-तोडूनच हाक मारणार.

मग आडनावे आली कधी? सरकारी शाळा, पलटणीची भरती, गिरणीचा हजेरीपट आणि जमिनीचे कागद यांनी आडनाव मागायला सुरुवात केली, तेव्हा ते घरोघर पक्के झाले. कोणी आपल्या कुळाचे नाव सांगितले, कोणी गावाचे. कोणाचे मास्तरांनीच ठरवले.

यातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. बाबासाहेबांच्या वडिलांचे नाव रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर झाले आणि त्याचे पुढे आंबेडकर झाले. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी लावलेल्या मायेची आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीला किती किंमत असते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता आडनावांचा मुलूख पाहू. वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिराती वाचायची आम्हाला जुनी सवय आहे. त्या वाचून वाचून आडनाव ऐकले, की माणूस कुठल्या बाजूचा असेल याचा अंदाज येतो. मेश्राम, गजभिये, खोब्रागडे म्हटले की नागपूर-चंद्रपूरकडचे. रामटेके तर रामटेक गाव अंगावर घेऊनच फिरतात. तायडे, वानखडे, गवई, इंगळे हे अमरावती-अकोला-बुलढाण्याकडचे. सपकाळे, बिऱ्हाडे, अहिरे म्हटले की खानदेश आणि नाशिकची बाजू. कोकणात सकपाळ, तांबे, मोहिते, कदम, जाधव. कांबळ्यांचा पसारा सर्वांत मोठा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेड असा तो सलग पट्टा आहे, पुढे कर्नाटकातही कांबळे भेटतात. नांदेड-लातूरकडे सोनकांबळे. हिंगोलीकडे पाईकराव. आपल्याकडे बीड-जालन्याच्या बाजूला साळवे, वाघमारे, गायकवाड, खरात, मस्के, मगरे, ओव्हाळ. अर्थात ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत हे सगळे एका नळावर पाणी भरतात. एकाच ताड्यात उसाच्या फडावर गेलेली माणसे तिकडेच राहिली, की आडनावही तिकडचे होऊन जाते.

यात एक मौज आहे. जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे आपल्यात आहेत, मराठा समाजात आहेत, इतर कित्येक समाजांतही आहेत. म्हणून शहरात खोली भाड्याने मागायला गेलो, की घरमालक एका प्रश्नावर थांबत नाही. "आडनाव काय?" "गायकवाड." "कोणते गायकवाड?" "बीडचे." "तसं नव्हे हो, म्हणजे कोणते?" एवढी चौकशी कशासाठी ते त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. कांबळे म्हटले तर दुसरा प्रश्न येतच नाही, खोली मात्र कालच दिलेली असते! या जाचापायी काहींनी आडनाव बदलले, काहींनी गावाचे नाव लावले. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण आपल्या पोराला 'कांबळे' म्हणताना खाली बघायला शिकवू नये, एवढे आमचे सांगणे आहे.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले असेही नाही. दूर युरोपात आयर्लंड नावाचा छोटा देश आहे. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना त्यांच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे. तिथल्या आडनावांत 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. इंग्रजांनी तिथे राज्य बसवले तेव्हा १४६५ मध्ये कायदा केला, की इंग्रज अंमलातल्या डब्लिनच्या आसपासच्या भागात राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव लावावे. गावाचे लावावे, काळा-पांढरा अशा रंगाचे लावावे, नाहीतर सुतार-लोहार अशा धंद्याचे. पुढे कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे लिहिले. कित्येक घरांचा 'ओ' गळून पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली भाषा, आपली ओळख यांची जाग आली, तेव्हा कित्येकांनी आजोबांचा तो 'ओ' पुन्हा नावाला जोडला. १८४७ ते १८६४ या काळात तिथे जमिनी-घरांची आकारणी झाली. तिच्या याद्यांवरून सुलिवान मंडळी कॉर्क आणि केरी या भागांत दाट, असा आडनावांचा नकाशा आजही काढता येतो. १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि जुन्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले. तेव्हापासून तिथली माणसे आकारणीच्या त्या याद्यांना जिवापाड जपतात.

आपल्याकडे कागद जळाले नाहीत, पण वाचणारे संपत चालले. आपला बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दप्तर उर्दूत. त्या मुलीच्या खेड्यात तिच्या आजोबांची थोरली बहीण आहे. ऐंशी ओलांडलेली. आम्ही तिच्याकडे गेलो. म्हातारीने पेटीतून फडक्यात बांधलेला एक कागद काढला. तिच्या वडिलांच्या नावचा, महारकीच्या जमिनीचा. तो आम्ही इथल्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना दाखवला. त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "ओहाल वाचा, नाहीतर अवहाल. दोन्ही बरोबर." मग त्यांनी समजावून सांगितले. उर्दूत 'व' आणि 'ओ' यांना एकच अक्षर. आणि 'ळ' तर उर्दूत नाहीच. लिहिणारा 'ल' लिहील नाहीतर 'ड'. आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका अक्षराचा घोळ कसा होऊ शकतो, ते डोळ्यांपुढे आले.

म्हातारीला आम्ही विचारले, "आत्या, तुमचं खरं आडनाव कोणतं?" ती हसली. म्हणाली, "आमाला कोन इचारलं व्हतं आडनाव? नाव इचारायच्या आदी जात इचारायचे. आडनाव माज्या भावाला साळंत घातला तवा कळलं."

या एका वाक्यात आपला सगळा इतिहास आला. आपल्या घरात आडनाव आले ते शाळेबरोबर. म्हणून आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत नावे बदलली. दगडू-कचरूच्या नातवंडांची नावे सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा झाली. आडनावे मात्र बहुतेकांनी तीच ठेवली. जुने आडनाव आणि नवे नाव मिळून आपली आजची ओळख झाली आहे. आणि नावाची किंमत मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. कांबळे आणि वाघमारे! ज्या आडनावांना खोली मिळत नाही, ती ही आडनावे.

आता घरच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगून थांबतो.

पहिली गोष्ट सोयरिकीची. "एकच आडनाव, मग लग्न कसे?" असे अनेक भगिनी विचारतात. कायद्याने सारख्या आडनावाला मनाई नाही, जवळच्या रक्ताला आहे. वडिलांकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन पिढ्यांत नाते निघू नये, असा साधारण नियम १९५५ च्या विवाह कायद्यात आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. कोल्हापूरचे कांबळे आणि नांदेडचे कांबळे यांचा पूर्वज एकच असेल असे मुळीच नाही. आडनाव पाहून चांगले स्थळ परत पाठवू नका, पिढ्या मोजा.

दुसरी गोष्ट लेकीसुनांची. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचे नसेल तर जुन्याच नावाने सगळे कागद चालू ठेवा. बदलायचे असेल तर सगळीकडे एकसारखे बदला. अर्धे इकडे, अर्धे तिकडे करू नका.

तिसरी गोष्ट बाळाच्या नोंदीची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव शासनाच्या कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचे ठरले आहे. नोंद करताना आडनाव तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. लिहिलेले पुन्हा वाचून घ्या. शाळेत घालतानाही हेच करा. शाळा सुटल्यावर दाखल्यातली दुरुस्ती सोपी राहत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्याआधीचा घरातला एखादा कागद, आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली ओळ, जमिनीचा कागद शोधून ठेवा. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. नाव, बापाचे नाव, आईचे नाव, गाव, आडनाव असे पिढीपिढीने लिहून घ्या. लेकींची नावे गाळू नका. आमच्या मुलीला वाचवले ते एका लेकीनेच जपलेल्या कागदाने.

हो, ते सांगायचे राहिले. आजोबांचा शाळेचा उतारा, म्हातारीचा कागद आणि तिन्ही आडनावे एकाच घराची असल्याचे प्रतिज्ञापत्र एवढे जोडले, तेव्हा दाखला निघाला. तोपर्यंत प्रवेशाची पहिली फेरी हुकली होती. दुसऱ्या फेरीत नंबर लागला, पण घरापासून लांब. मुलगी निघाली तेव्हा आम्हाला नमस्कार करायला आली. आम्ही विचारले, "बाळ, आता आडनाव काय सांगशील?"

ती म्हणाली, "ओव्हाळ. आणि लिहूनच देईन."